अर्ध्या गुणाची किंमत

बुडापेस्टमधल्या ४५व्या बुद्धिबळ ऑलिंपियाडची दहावी फेरी २१ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. महिला गटात भारतासमोर चीन होता. चारपैकी तीन पटांवरचे डाव बरोबरीत सुटले. उरलेला एक डाव नागपूरच्या दिव्या देशमुखने नी शिचुनविरुद्ध जिंकला आणि भारताने ही लढत अडीच-दीड अशी मारली. दुसऱ्या दिवशी अझरबैजानला साडेतीन-अर्धा असे हरवून भारतीय महिलांनी ऑलिंपियाडमधले आपले पहिले सुवर्णपदक मिळवले.

बातमी सगळ्यांनी वाचली, पेढेही वाटले गेले. पण "अडीच-दीड" म्हणजे नेमके काय, हा दीड कुठून आला आणि तीन बरोबऱ्या झालेल्या लढतीला विजय का म्हणायचे, हे अनेकांना उलगडत नाही. घरात पट आहे, हत्ती-उंट कसे चालतात ते येते, पण सांघिक बुद्धिबळ कधी पाहिलेले नाही, असे वाचक आपल्या नगर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मुली त्या पटावर बसायला लागल्या आहेत, म्हणून हा खेळ नीट समजून घेण्याची हीच वेळ आहे.

सांघिक लढतीत दोन्ही संघांच्या चार-चार खेळाडू एकाच वेळी चार पटांवर बसतात. पाचवी राखीव. पहिल्या पटावर कोण, दुसऱ्यावर कोण, हा क्रम स्पर्धा सुरू होण्याआधी लेखी द्यावा लागतो आणि पुढे तो बदलता येत नाही. समोरच्या संघातली कच्ची खेळाडू हेरून तिच्यापुढे आपली सर्वांत तयारीची खेळाडू आणून बसवायची सोय त्यामुळे राहत नाही. कर्णधाराच्या हातात एवढेच असते, की आज पाचांपैकी विश्रांती कोणाला द्यायची. जी विश्रांती घेते तिच्या खालच्या सगळ्या एकेक पट वर सरकतात. मोहऱ्यांचे रंगही ठरलेले असतात. एका संघाला पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी मिळाली, की दुसऱ्या आणि चौथ्यावर काळी.

डाव जिंकला की एक गुण, बरोबरी झाली की अर्धा. चार डावांत मिळून चारच गुण वाटायचे असतात, म्हणून ज्या संघाचे अडीच झाले त्याने लढत जिंकली. अशा विजयाचे संघाला दोन गुण मिळतात. दोन-दोन झाले तर दोघांना एकेक. स्पर्धेच्या तक्त्यात आधी पाहिले जातात ते हे लढतीचे गुण. चार-शून्य जिंका किंवा अडीच-दीड, खात्यावर दोनच जमा होतात. ही पद्धत २००८च्या ड्रेस्डेन ऑलिंपियाडपासून आली. महिलांच्या गटात चार पटही तेव्हापासूनच मांडले जाऊ लागले. त्याआधी तीन असत, आणि अगदी सुरुवातीला दोन.

फेऱ्या एकूण अकरा. जोड्या स्विस पद्धतीने लागतात, म्हणजे साधारण सारखे गुण असलेले संघ एकमेकांसमोर येतात. जिंकत गेलात की समोरचा संघ दर फेरीला अधिक कठीण होतो. बुडापेस्टमध्ये प्रत्येकीला पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटे, नंतर उरलेल्या डावासाठी ३० मिनिटे आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंद वाढीव मिळत होते. एक डाव चार-पाच तास सहज चालतो. तोही रोज एक, मध्ये एकच सुट्टीचा दिवस.

भारताच्या संघात पहिल्या पटावर द्रोणवल्ली हरिका, दुसऱ्यावर आर. वैशाली, तिसऱ्यावर दिव्या, चौथ्यावर वंतिका अगरवाल आणि राखीव तानिया सचदेव होती. कोनेरू हंपी या वेळी संघात नव्हती. कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. ते स्वतः पटावर बसत नव्हते. सांघिक बुद्धिबळात न खेळणारा कर्णधार चालतो.

पहिल्या चार फेऱ्या सोप्या गेल्या. जमैका, चेक प्रजासत्ताक आणि फ्रान्सवर साडेतीन-अर्धा, स्वित्झर्लंडवर तीन-एक. खरी परीक्षा पाचव्या फेरीपासून सुरू झाली. समोर कझाकस्तान. पहिल्या पटावर हरिका बिबिसारा असाउबायेवाकडून हरली. दिव्याची बरोबरी झाली. वैशाली आणि वंतिका जिंकल्या आणि लढत अडीच-दीडने भारताकडे आली. सहाव्या फेरीत आर्मेनियाविरुद्ध तीन डाव बरोबरीत गेले. दिव्याने एलिना दानिएलियनला हरवले आणि पुन्हा अडीच-दीड. सातव्यात जॉर्जियावर तीन-एक. सात लढती, सात विजय.

मग घसरण झाली. आठव्या फेरीत पोलंडकडून हरिका आणि वैशाली दोघीही हरल्या. दिव्या जिंकली, वंतिकाने बरोबरी केली, पण एकूण दीड-अडीच. स्पर्धेतला भारताचा हा एकमेव पराभव. नवव्या फेरीत अमेरिका. हरिकाला विश्रांती दिल्याने सगळ्या एकेक पट वर आल्या. वैशाली पहिल्या पटावर गुलरुखबेगिम तोखिरजोनोवाकडून हरली. दिव्या आणि तानियाने बरोबरी साधली. राहिली वंतिका, तिच्यासमोर इरिना क्रश, अमेरिकेची कसलेली ग्रँडमास्टर. वंतिकाने तो डाव जिंकला आणि लढत दोन-दोनवर थांबली. सुवर्णपदकाची गोष्ट सांगताना लोक चीन आणि अझरबैजानच्या फेऱ्या सांगतात. माझ्या मते वंतिकाचा हा डाव तितकाच मोलाचा होता. तो हातचा गेला असता तर भारताचे सलग दोन पराभव झाले असते आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत सगळे जिंकूनही १८ गुणांच्या पुढे जाता आले नसते.

मग चीनची फेरी आली. या चिनी संघात हौ यीफान नव्हती, जू वेनजुन, तान झोंगयी आणि लेई तिंगजी याही नव्हत्या. तरी चीन तो चीनच. १९९८ ते २००४ ही सलग चार ऑलिंपियाड आणि नंतर २०१६, २०१८ ही दोन त्यांनी जिंकलेली. त्यांच्या दुसऱ्या फळीतल्या मुलीही जगातल्या बहुतेक देशांच्या पहिल्या फळीत बसतील. त्या संघाविरुद्ध तीन पटांवर बरोबरी सांभाळणे हेही मोठे काम होते. दिव्याच्या विजयाला अर्थ आला तो हरिका, वैशाली आणि वंतिका यांनी आपापला अर्धा गुण हातातून जाऊ दिला नाही म्हणून.

आता जरा हिशेब मांडू. शेवटी भारताचे १९ गुण झाले, कझाकस्तानचे १८, अमेरिकेचे १७. पाचव्या फेरीत कझाकस्तानविरुद्ध वैशाली किंवा वंतिका या दोघींपैकी एकीचा डाव जिंकण्याऐवजी बरोबरीत सुटला असता, तर ती लढत दोन-दोन झाली असती. भारताचा एक गुण कमी, कझाकस्तानचा एक जास्त. बाकीचे निकाल तेच धरले तर १९ गुण कझाकस्तानचे आणि १८ भारताचे. प्रत्यक्षात पुढच्या फेऱ्यांच्या जोड्याही बदलल्या असत्या, हे मान्य. पण एका पटावरचा अर्धा गुण तक्त्यात किती मोठा होतो, हे समजायला एवढा हिशेब पुरे. भारताने अडीच-दीडने जिंकलेल्या लढती तीन: कझाकस्तान, आर्मेनिया, चीन. त्यांतल्या दोन लढतींत निकाल लागलेला डाव एकच, आणि दोन्ही वेळा तो दिव्याचा.

दिव्या अकराच्या अकरा फेऱ्या खेळली. आठ विजय, तीन बरोबऱ्या, पराभव एकही नाही: साडेनऊ गुण. वंतिकाचे नऊ डावांत साडेसात. दोघींना आपापल्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले. हे पदक नुसत्या गुणांवर देत नाहीत. समोरच्या खेळाडूंचे मानांकन आणि आपण मिळवलेले गुण यांवरून त्या स्पर्धेतला खेळ कोणत्या मानांकनाच्या तोलाचा होता, ते काढतात. दिव्याचा आकडा २६०८ आला. ग्रँडमास्टर किताबासाठी मानांकन २५०० व्हावे लागते आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद नसतो, हे लक्षात घेतले की १८ वर्षांच्या त्या मुलीने काय केले ते कळते. तेव्हा ती ग्रँडमास्टर नव्हती, इंटरनॅशनल मास्टर होती.

या गुणतक्त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पहिल्या पटावरच्या हरिकाचे नऊ डावांत साडेचार गुण झाले. संघातली सर्वांत अनुभवी खेळाडू, आणि निम्मेच गुण! पण पहिला पट म्हणजे समोर दर वेळी त्या देशाची सर्वोत्तम खेळाडू. तिथे बसून हरिकाने वादळ अंगावर घेतले, म्हणून खालच्या पटांवर दिव्या-वंतिकाला जिंकायला वाव मिळाला. अकराव्या फेरीत अझरबैजानविरुद्ध मात्र हरिका गुनाय मम्मदझादाविरुद्ध जिंकली. दिव्या आणि वंतिकाही जिंकल्या, वैशालीने बरोबरी केली. इकडे कझाकस्तानला अमेरिकेने दोन-दोनवर रोखले आणि प्रश्न मिटला. चौघींची नावे वेगळाली घेऊन कौतुक करणे सोपे आहे, पण हा संघ पाच जणींचा होता. तानियाने पाच डावांत साडेतीन गुण आणले आणि दमलेल्यांना विश्रांती घेता आली ती तिच्यामुळेच. असे संघाचे ३१ पटगुण पाच जणींनी मिळून गोळा केले.

संघासाठी खेळताना डावही बदलतो. एकटीने खेळताना खेळाडू आपल्या डावापुरता विचार करते: जोखीम घ्यायची की बरोबरी मानायची, हे तिच्या मनावर. संघात तिला शेजारच्या पटांकडेही पाहावे लागते. समजा तीन डाव संपले आणि आपण दोन-एक पुढे आहोत. आता चौथ्या पटावरच्या मुलीला जिंकायची गरजच नाही. बरोबरी केली की लढत आपली. अशा वेळी ती वजिरांची अदलाबदल करून धोका कमी करेल, राजासमोरची प्यादी हलवणार नाही आणि विरुद्ध रंगाच्या उंटांच्या शेवटाकडे डाव नेईल. एकीचा उंट पांढऱ्या घरांवरचा आणि दुसरीचा काळ्या घरांवरचा उरला, तर एखादे प्यादे, कधी कधी दोन प्यादी कमी असूनही डाव वाचतो, कारण पुढे गेलेले प्यादे ज्या रंगाच्या घरावर अडवायचे तिथे हल्ला करणाऱ्या उंटाला पोचताच येत नाही.

याच्या उलटही होते. एक-दोन मागे असलेल्या संघाच्या शेवटच्या मुलीला बरोबरीचा उपयोग नसतो. तिला समोरून आलेला बरोबरीचा प्रस्ताव नाकारून, थोडी वाईट स्थिती पत्करूनही गुंतागुंत वाढवत राहावे लागते. तीच स्थिती, तेच मोहरे, पण योग्य चाल वेगळी. एकट्याच्या स्पर्धेत हे सहसा शिकायला मिळत नाही.

अर्धा गुण वाचवायची विद्या मुलांना शिकवण्यात आपण कमी पडतो, असे मला मनापासून वाटते. लहान मुलांच्या वर्गात मात देण्याचे धडे भरपूर असतात. चार चालींत मात, मागच्या ओळीवरची मात, घोड्याचा दुहेरी हल्ला. हरत आलेला डाव बरोबरीत कसा सोडवायचा, हे क्वचितच सांगितले जाते. एक उदाहरण घ्या. समोरच्याकडे राजा, उंट आणि पटाच्या अगदी कडेच्या पट्टीवरचे प्यादे आहे. आपल्याकडे नुसता राजा. बहुतेक मुले इथे डाव सोडतील. पण ते प्यादे ज्या कोपऱ्यातल्या घरावर जाऊन वजीर होणार, त्या घराचा रंग आणि उंटाच्या घराचा रंग वेगळा असेल, तर आपला राजा त्या कोपऱ्यात पोचला की डाव बरोबरीत. त्याला तिथून हुसकावता येत नाही. फार जवळ आलात तर त्याला चालच उरत नाही आणि शह नसताना चाल संपली की बरोबरी ठरते. एवढे माहीत असलेली दहा वर्षांची मुलगी आपल्या संघाला लढत वाचवून देऊ शकते.

कर्णधाराविषयीही गैरसमज असतात. तो मागे उभा राहून चाली सुचवतो असे काहींना वाटते. तसे केले तर मोठा नियमभंग होईल. पटावरच्या स्थितीबद्दल त्याने एक शब्द बोलायचा नाही. खेळाडूने विचारले, "बरोबरी मागू का?" तर लढतीची एकूण स्थिती पाहून तो हो किंवा नाही एवढेच सांगू शकतो, प्रस्ताव दे, स्वीकार किंवा डाव सोड, याच्या पलीकडे काही नाही. त्याचे खरे काम फेरीच्या आधी होते. आज कोणाची झोप झाली नाही, कालच्या पराभवातून कोण सावरलेली नाही, समोरचीच्या सुरुवातीच्या चालींविरुद्ध कोणाची तयारी चांगली आहे, हे ओळखून चौघी निवडायच्या. पोलंडकडून हरल्यानंतर लगेच कुंटे यांनी हरिकाला एक फेरी बाहेर बसवले. पहिल्या पटाची खेळाडू अमेरिकेसारख्या संघासमोर न खेळवणे हा मोठा निर्णय होता, आणि दुसऱ्या दिवशी चीनसमोर ती परत पहिल्या पटावर होती.

या सुवर्णपदकामागे दोन वर्षांपूर्वीची एक जखम होती. २०२२मध्ये ऑलिंपियाड चेन्नईजवळ मामल्लपुरमला झाले. शेवटच्या फेरीपर्यंत भारताचा पहिला महिला संघ सर्वांच्या पुढे होता. जिंकले असते तर सुवर्ण पक्के. समोर अमेरिका होती आणि दोन बरोबऱ्या, दोन पराभव असा एक-तीन निकाल लागला. भारताला कांस्यपदक मिळाले, तेही महिलांचे पहिलेच. त्या संघात हंपी, हरिका, वैशाली, तानिया आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी होती. कर्णधार तेव्हाही कुंटेच. दिव्या त्या वेळी यजमानांच्या दुसऱ्या संघात राखीव खेळाडू होती आणि तिथे तिने वैयक्तिक कांस्यपदक मिळवले होते. राखीव जागेवरून तिसऱ्या पटाच्या सुवर्णापर्यंत ती दोन वर्षांत पोचली.

महिलांचे ऑलिंपियाड सुरू झाले १९५७मध्ये, नेदरलँड्समधल्या एमेन गावी. विजेत्या संघाच्या चषकाला व्हेरा मेंचिकचे नाव आहे. १९२७मध्ये ती महिलांची पहिली जगज्जेती झाली. १९४४मध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बने तिचा, तिच्या आईचा आणि बहिणीचा जीव घेतला. पुढे कित्येक वर्षे हा चषक सोव्हिएत संघाकडे जवळजवळ कायमचाच राहिला. तो हिसकावला हंगेरीच्या पोल्गार बहिणींनी. १९८८मध्ये थेस्सालोनिकीला झुझा, युदित आणि झोफिया या तिघी बहिणी आणि इल्दिको मादल अशा चौघींचा संघ उतरला. तेव्हा प्रत्येक पटाचा गुण थेट मोजला जाई. हंगेरीचे ३३ गुण झाले, सोव्हिएत संघाचे साडेबत्तीस. सुवर्णपदक अर्ध्या गुणाने फिरले! बारा वर्षांच्या युदितने तेरा डावांत साडेबारा गुण मिळवले होते. तिने कुठेतरी आणखी एक बरोबरी सोडली असती, तरी दोन्ही संघ सारख्या गुणांवर आले असते.

बहिणींनी मिळून पट गाजवल्याची गोष्ट आपल्याकडे त्याआधीच घडली होती. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली. पुढची अनेक वर्षे हे विजेतेपद बहुतेक वेळा याच घरात राहिले. जयश्री १९७९मध्ये महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. भारतात हा किताब मिळवणारी ती पहिली. रोहिणीने १९८१मध्ये आशियाई विजेतेपद मिळवले. पण तिचे सर्वांत मोठे काम मी १९७६चे मानतो. तेरा वर्षांची असताना ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे दार स्त्रियांना बंद करता येणार नाही. आज एखादी मुलगी जिल्हा स्पर्धेच्या खुल्या गटात नाव नोंदवते तेव्हा तिला कोणी अडवत नाही. त्यामागे ते जुने भांडण आहे.

खाडिलकर भगिनींच्या मागोमाग भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले आल्या. दोघींनी पाच-पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, आशियाई विजेतेपदेही मिळवली. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीने स्वाती घाटे दिली, पुण्याने ईशा करवडे आणि सौम्या स्वामिनाथन. सौम्या २००९मध्ये मुलींची कनिष्ठ गटातली जगज्जेती झाली. नागपूरची दिव्या २०२४मध्ये गांधीनगरला त्याच किताबाची मानकरी ठरली, ऑलिंपियाडच्या तीनच महिने आधी. महाराष्ट्राच्या मुलींची ही रांग पन्नास वर्षांची आहे आणि ती कुठेही तुटलेली नाही.

ऑलिंपियाडनंतर दिव्या आणखी पुढे गेली. जून २०२५मध्ये लंडनला जलद आणि अतिजलद बुद्धिबळाची जागतिक सांघिक स्पर्धा झाली. तिच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघात किमान एक स्त्री आणि एक कमी मानांकनाचा हौशी खेळाडू असावाच लागतो. मोठ्या ग्रँडमास्टरांनी भरलेल्या संघाची लढतही त्यामुळे अनेकदा या दोन पटांवर फिरते. तिथे अतिजलद प्रकाराच्या उपांत्य लढतीत दिव्याने महिलांमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या हौ यीफानला हरवले. पुढच्याच महिन्यात जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत ती हंपीसमोर बसली. दोन डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला जलद डावांच्या टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली. त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली: भारताची ८८वी, आणि भारतीय स्त्रियांमध्ये हंपी, हरिका व वैशालीनंतर चौथी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नगर जिल्ह्याने शार्दूल गागरेसारखा ग्रँडमास्टर दिला आहे. म्हणजे इथे गुण नाही, शिकवणारे नाहीत, असे कोणी म्हणू नये. पण मुलींच्या बाबतीत एक अडचण स्पष्ट दिसते. एकट्याने खेळायची स्पर्धा असली की अकोल्याच्या किंवा जामखेडच्या मुलीबरोबर घरातल्या कोणाला तरी रजा काढून, एसटी पकडून दिवसभर सभागृहाबाहेर बसावे लागते. महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा आपला; एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात अर्धा दिवस जातो. पहिल्या दोन फेऱ्या हरल्यावर त्या मुलीला तिथे थांबायला काही कारण उरत नाही. पुढच्या वर्षी ती येत नाही. संघात असे होत नाही. हरलेल्या मुलीच्या शेजारच्या पटावर तिची मैत्रीण खेळत असते आणि लढत अजून जिवंत असते. उद्या तिच्या अर्ध्या गुणावर सगळ्या अवलंबून असणार, हे तिला माहीत असते. एक शिक्षिका पाच मुलींना घेऊन जाऊ शकते. पाच पालकांना रजा काढावी लागत नाही.

म्हणून जिल्ह्यातले बुद्धिबळाचे कार्यकर्ते, शाळा आणि सहकारी संस्थांच्या शिक्षण मंडळांना माझी विनंती आहे, की मुलींची आंतरतालुका सांघिक स्पर्धा सुरू करावी. तालुके चौदा आहेत. प्रत्येकाचा एक संघ, चार खेळाडू आणि एक राखीव, म्हणजे सत्तर मुली. एका वेळी सात लढती, अठ्ठावीस पट. एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात ते आरामात मावतील. प्रत्येकीला ४५ मिनिटे आणि चालीला १५ सेकंद दिले तर दोन दिवसांत पाच फेऱ्या होतात. पटांचा क्रम आधी लेखी घ्यावा, लढतीचे गुण ऑलिंपियाडसारखेच द्यावेत आणि प्रत्येक पटावरच्या सर्वोत्तम मुलीला वेगळे बक्षीस ठेवावे, म्हणजे चौथ्या पटावर बसणारीलाही आपण वंतिकाच्या जागेवर आहोत हे कळेल. मानांकन नसलेल्या मुलींना यात मोकळेपणाने घ्यावे. पहिल्या वर्षी चौदा संघ जमले नाहीत तर आठांवर सुरुवात करावी, पण तारीख यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीतलीच धरावी.